दुखण्यागणिक गोळी

ओरुरो या आमच्या उंच डोंगरावरच्या, खाणींच्या शहरातल्या पुरुषांचं शरीर म्हणजे भाड्याच्या खोल्यांची चाळ. एका खोलीत गुडघा, दुसरीत कंबर, तिसरीत डोकं, आणि शेजारी काय चाललंय याची कुणाला खबर नाही. म्हणून गुडघ्याची गोळी वेगळी, कंबरेची वेगळी, मानेसाठी टोचून घ्यायचं. गिळलेली गोळी आपली पत्ता विचारत बरोबर आपल्या खोलीत जाते, असं यांना वाटतं. माझा नवरा रुफिनो यात सगळ्यांचा बाप. खाणीत उमेदवारी करायला चौथीतच शाळा सोडली, म्हणून कळत नाही, असं त्याची बहीण म्हणते. मीही चौथीतच सोडली. मला कळतं. त्यामुळे हे कारण मी चालवून घेत नाही.

रुफिनोने नवस बोललेला. खाणवाल्यांना सांभाळणाऱ्या सोकावोनच्या देवीपुढे तीन वर्षं दर कार्निव्हलला मोरेनो नाचायचं. हा नाच म्हणजे अंगावर पिंप चढवून चालणं. पोशाखाचे लोखंडी तारेवर ताणलेले, मणी आणि आरसे लावलेले थर खांद्यावरून लोंबतात, बटाट्याच्या पोत्याएवढं वजन. वर डोळे बटबटीत आणि जीभ बाहेर आलेला मुखवटा. असं सजून शहराच्या एका टोकापासून देवळापर्यंत बॅंडच्या तालावर डुलत जायचं. पहिली दोन वर्षं त्याने कशीबशी ओढली. साठीला टेकलेला माणूस, उजव्या गुडघ्यातली गादी केव्हाच झिजलेली, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. हे तिसरं वर्ष, आणि याच वर्षी त्याला रांगेचा म्होरक्या केलं. म्होरक्याचा पोशाख सगळ्यात रुंद आणि सगळ्यात जड. त्याला वाटलं, हा मान आहे. मला वाटलं, जे उचलायला कुणीच तयार नव्हतं ते याच्या गळ्यात मारलं.

गळ्यात मारणारा ओस्वाल्दो वेलार्दे, आमच्या नाचमंडळाचा अध्यक्ष. त्याचे ट्रक आहेत. म्हणून मंडळाच्या सगळ्या नाचऱ्यांच्या हातातलं लाकडी कर्कश खुळखुळंही ट्रकच्या आकाराचं. देवीपुढे तीनशे बापे माणसं ओस्वाल्दोचे ट्रक खुळखुळवत नाचतात आणि त्याला भक्ती म्हणतात. आमच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता होता, म्हणून तो माझा कोम्पाद्रे, मी त्याची कोमाद्रे, रक्ताच्या नात्याइतकं मानलेलं नातं. कोम्पाद्रेला नाही म्हणता येत नाही. त्याला हे चांगलं ठाऊक आहे.

कार्निव्हलच्या आधी रविवारी सराव असतो. एका रविवारी रुफिनो घरी आला आणि त्याला बूट काढता येईनात. मी ओढून काढले. पाय भिजलेल्या पावासारखे फुगलेले. बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"बूट घट्ट आहेत," तो म्हणाला.

"बूट गेल्या वर्षीचेच आहेत. पाय या वर्षीचे आहेत."

"हिलारिया, डोकं खाऊ नकोस. थकलोय."

तो झोपल्यावर मी त्याची चघळायच्या कोकाच्या पानांची थैली उघडली. पानांत मिसळलेल्या सुट्या गोळ्या होत्या. लाल, निळसर, पांढऱ्या. कात्रीने पट्टीचे तुकडे करून विकतात त्या. नाव नाही, तारीख नाही, नुसता चांदीच्या कागदाचा कोपरा. सकाळी मी थैली त्याच्या पुढ्यात ओतली.

"हे काय?"

"लाल गुडघ्याची. निळी कंबरेची. पांढरी रक्तदाबाची, ती तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरणीनेच दिलीये. आणि सरावाआधी ओस्वाल्दोची सून जोवाना टोचते, ते मानेसाठी."

"लाल किती घेतोस?"

"दुखेल तेवढ्या."

"आणि जेवतोस कधी?"

"पोशाखाच्या आत भरल्या पोटाने कोण नाचतं? पट्टा आवळावा लागतो."

"पाणी तरी पितोस का?"

"पाणी प्यायलो की मुतायला लागतं. त्या पिंपातून मुतायचं कसं, तूच सांग."

"मग बिअर पितोस ती कुठे जाते?"

"बिअर कुणीतरी पुढे करतं. नाही म्हटलं तर अपमान होतो."

हे असं. पाणी प्यायलं तर अडचण, बिअर नाकारली तर अपमान. यातून जे मूत्रपिंड वाचेल ते वाचेल.

मी बाजारात कासिल्दाकडे गेले. धूप, वाळकी पानं आणि पूजेत जाळायला लामा जनावराची वाळवलेली पिल्लं विकणाऱ्या बायकांच्या रांगेत ती टेबल लावून बसते आणि गोळ्या सुट्या विकते. टेबलावर काचेचे पेले, पेल्यांत गोळ्या. एका पेल्यावर गुडघ्याचं चित्र, एकावर डोक्याचं, एकावर पाठीचं. चित्रं तिने स्वतः काढलेली. गुडघा अगदी रताळ्यासारखा.

"काय देऊ, कासेरा? कंबर का गुडघा?" बाजारात गिऱ्हाइकाला कासेरा म्हणतात.

"डब्या दे."

"कसल्या डब्या?"

"ज्यांतून या गोळ्या काढल्यास त्या. रिकाम्या."

"डबी कशाला? डबी उकळून पिणार आहेस?"

"लाल गोळीचं नाव काय?"

"गुडघ्याची."

"हे तू ठेवलेलं नाव. आई-बापांनी काय ठेवलंय?"

ती हसली. हसताना तिचे सगळे सोन्याचे दात दिसतात, आणि ते सगळे असल्या गुडघ्यांवर चढलेले. "बाई गं, नाव विचारून कुणाचं दुखणं गेलंय का? शहराची अर्धी माणसं माझ्यावर चालतात."

"म्हणूनच लंगडत चालतात," मी म्हटलं, आणि टेबलाखालच्या टोपलीतून डब्या स्वतःच उचलल्या. तिने आरडाओरडा केला. करू दे.

आरोग्य केंद्रात डॉक्टर नोएमी इरियार्ते बसते. मी आत गेले तेव्हा तिने वर पाहिलंच नाही.

"कुठे दुखतंय?"

"माझं नाही. नवऱ्याचं. गुडघा."

"मग नवरा कुठे आहे?"

"सरावाला. नाचतोय."

"गुडघा दुखतोय आणि नाचतोय?"

"तुम्ही इथल्या नाही का, डॉक्टर?"

"इथलीच आहे. माझा बाप असाच गेला," ती म्हणाली, आणि मग वर पाहिलं.

मी डब्या टेबलावर ठेवल्या. जोवाना काय टोचते त्याचं नाव मी तिलाच विचारून आले होते, तेही सांगितलं. डॉक्टरने डब्या पत्त्यांसारख्या ओळीत मांडल्या.

"ही लाल म्हणजे आयबुप्रोफेन, आठशेची. ही निळी नॅप्रोक्सेन. टोचतात ते डायक्लोफेनॅक. तिन्ही एकाच आईची पोरं. वेदना आणि सूज कमी करायची, हे एकच काम तिघांना येतं. तिन्ही घेतल्या म्हणून तिप्पट बरं वाटत नाही. तिप्पट बिघडतं मात्र. पोटाला आतून जखम होते, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटतो, रक्तदाब चढतो, पाय सुजतात."

"लाल गुडघ्याची आणि निळी कंबरेची नाही?"

"गोळी रक्तात जाते. रक्त सगळीकडे फिरतं. गोळीला गुडघा माहीत नसतो."

मला इतकं बरं वाटलं! मी वर्षानुवर्षं हेच ओरडत होते, पण माझ्या अंगावर पांढरा कोट नाही.

"मग घ्यायची कशी?" मी विचारलं.

"धडधाकट माणसाने? तिघांतली एकच. सोसवेल एवढं दुखणं उतरवणारी कमीत कमी मात्रा, आणि कमीत कमी दिवस. आयबुप्रोफेन घेतलं तर चारशेची गोळी, काहीतरी खाऊन, दिवसातून तीनदा, त्यावर नाही. आठशेची गोळी डॉक्टरने स्वतः सांगितल्याशिवाय नाही. सोबत दारू नाही, पाणी भरपूर. थोड्या दिवसांत उतरलं नाही तर गोळी वाढवायची नाही, दवाखाना गाठायचा. ॲस्पिरिनसुद्धा याच घरातली, तीही वर टाकायची नाही."

"आणि माझ्या नवऱ्याने?"

"त्याने एकही नाही. त्याला मी दिलेल्या रक्तदाबाच्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध आहे. त्यावर ही गोळी आणि पोटात पाणी नाही, म्हणजे मूत्रपिंडाचा तिन्ही बाजूंनी गळा आवळलेला. त्याला पॅरासिटामॉल द्या. पाचशेच्या दोन, आठ-आठ तासांनी, त्याहून जास्त नाही. तीही दारूवर नाही. गुडघ्याला शेक, काठी, आणि विश्रांती."

विश्रांती! तिलाही माहीत होतं आपण काय बोलतोय ते.

"शौचाला डांबरासारखं काळं झालं, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, तर वाट बघायची नाही. तडक हॉस्पिटल."

रुफिनोला मी दुसऱ्या दिवशी ओढत नेलं. रक्त तपासलं. मूत्रपिंडाचा आकडा जितका असावा त्याच्या दुप्पट निघाला. डॉक्टर त्याला म्हणाली, आत्ता थांबलात तर बहुतेक मागे फिरेल, रेटत राहिलात तर आयुष्यभर यंत्राला बांधून घ्याल. त्याने टोपी हातात धरून मान हलवली. हो डॉक्टर, बरं डॉक्टर, देव तुमचं भलं करो डॉक्टर. दाराबाहेर आल्यावर टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "कार्निव्हलनंतर."

"कार्निव्हलनंतर काय? कार्निव्हलनंतर मूत्रपिंड नवं फुटतं का बटाट्यासारखं?"

"तिसरं वर्ष आहे, हिलारिया. देवीला शब्द दिलाय. अर्धवट सोडला तर ती काय करते ते सगळ्यांना माहीत आहे."

"ती काही करत नाही. ती तुमची वाट बघत बसलेली नाही. तू मेलास तर मी तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कासिल्दाला विकीन, ती त्यावर हृदयाचं चित्र काढेल."

तो पुढे चालू लागला.

मग मी ओस्वाल्दोकडे गेले. त्याच्या दिवाणखान्यात सोफ्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. बसलं की ते अंगाखाली कुरकुरतं. जोवाना, त्याची सून, तिथेच नखं रंगवत होती. दात काढायचं शिक्षण तिने दुसऱ्या वर्षी सोडलं, म्हणून मंडळाने तिला वैद्यकीय समितीची प्रमुख केलं.

"कोमाद्रे! थोडी बिअर?"

"नको. रुफिनोला रांगेतून काढ."

"काढू? आमच्या म्होरक्याला?"

"त्याचं मूत्रपिंड चाललंय. डॉक्टरने लिहून दिलंय."

त्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोमाद्रे, दुखत कुणाचं नाही? माझी पाठ बघ. मी काय घेतो विचार जोवानाला. गोळ्यांनी पोट बिघडतं, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर आपण टोचतो. टोचलेलं औषध पोटात जातच नाही."

"पोटात जात नाही, रक्तात जातं. आणि रक्त पोटातच जखम करतं. डॉक्टर असं म्हणाली."

"ती सरकारी डॉक्टर," जोवाना नखांवर फुंकर मारत म्हणाली. "त्यात मी व्हिटॅमिनही घालते."

"विषात व्हिटॅमिन घातलं की टॉनिक होतं का गं, बाई?"

"हे बघ," ओस्वाल्दो म्हणाला, आणि त्याचा आवाज धर्मपित्याचा झाला, "तो स्वतः येऊन म्हणू दे. पुरुषाने पुरुषाला सांगावं. बायकोने येऊन सांगितलं तर रांगेत हसतील."

त्याला रुफिनो कळला होता, माझ्यापेक्षा जास्त. रुफिनो मेला असता, पण ओस्वाल्दोपुढे उभं राहून "मला जमत नाही" असं म्हणाला नसता. कारण रांगेत हसतील. मूत्रपिंडाला कुणी हसत नाही, ते आतच असतं.

कार्निव्हलच्या शनिवारी मी माझी खाण्याची गाडी बंद ठेवली. वाळवलेलं मांस, अंडी आणि मका विकण्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, पण मी पाण्याची बाटली घेऊन रांगेच्या कडेने चालत राहिले. दुपारचं ऊन होतं, आणि आमच्या या उंचीवर ऊन चामडं सोलतं. कोपऱ्याकोपऱ्यावर मी बाटली पुढे करत होते, मुखवटा डावीकडून उजवीकडे हलत होता. नको. त्याच कोपऱ्यावर कुणी अनोळखी दारुड्या पेला पुढे करायचा आणि मुखवटा वर व्हायचा. हो.

सकाळी जोवानाने त्याला टोचलेलं मी गर्दीपलीकडून पाहिलं होतं, मी पोचेपर्यंत टोचून झालं होतं. थैली त्याने माझ्यापासून लपवली होती, पण ती आत कुठेतरी असणारच.

देवळाच्या चढाच्या आधी रस्ता वळतो तिथे त्याची चाल बिघडली. तालाला चुकत नव्हता, पण पिंप एका बाजूला कललं. मग तो थांबला. मागची रांग त्याच्यावर येऊन आदळली. बॅंड वाजतच होता. त्याने मुखवटा वर केला आणि ओकला. पोशाखाच्या मण्यांवरून, आरशांवरून काळपट तपकिरी ओघळ खाली आले. कॉफीचा चोथा. मी आयुष्यभर कॉफी गाळली आहे, मला चोथा ओळखता येतो.

त्याचे गुडघे वाकले आणि तो पोशाखासकट पाठीवर आडवा झाला, उलटलेल्या कासवासारखा.

ओस्वाल्दो पुढून धावत आला. धावता येत नव्हतं त्याला, तोही टोचून घेतलेलाच. "उन्हाने झालंय! उचला! जोवाना कुठे आहे? अजून एक दे, दोन गल्ल्या राहिल्यात, दोन गल्ल्या!"

जोवाना सुई घेऊन आली. तिच्या पट्ट्यालाच छोटी पेटी होती.

"हे रक्त आहे," मी म्हटलं. "पोटातलं रक्त. त्याला हॉस्पिटलला न्यायचं."

"कोमाद्रे, बाजूला हो. तुझा नवरा काय म्हणतोय ते ऐक."

आणि माझा नवरा, ओठांना काळं लागलेलं, तोंड चुन्यासारखं पांढरं, तो काय म्हणाला? म्हणाला, "दे. टोच. पोचू दे मला."

दोन नाचऱ्यांनी त्याला कुशीवर वळवायला घेतलं. टोचायचं म्हणजे पोशाखाचे थर वर करून कंबर उघडी करायला हवी. तेव्हा मी जे सुचलं ते केलं. मी माझे घागरे सावरले आणि त्याच्यावर बसले. बरोबर कंबरेवर. मी काही हलकी बाई नाही, आणि त्या दिवशी सणाचे म्हणून सगळे घागरे एकावर एक घातलेले होते. पोशाख माझ्याखाली, रुफिनो पोशाखाखाली, आणि त्याची कंबर कुणाच्याही सुईपासून दूर.

"उठ!" ओस्वाल्दो ओरडला.

"उठव."

"अगं, सगळं शहर बघतंय!"

"बघू दे. तुला टोचायचंय ना? मला टोच. माझी कंबर मोठी आहे, चुकणार नाहीस."

कडेच्या बाकांवरचे लोक हसायला लागले. परदेशी पोरं फोटो काढत होती. मागच्या मंडळाचा बॅंड आमच्या बॅंडवर चढला आणि दोन्ही चाली एकमेकींत मिसळून कुत्री भांडावी तसा आवाज झाला. खालून रुफिनो मला शिव्या देत होता, सगळ्या खाणीतल्या, आणि दर शिवीला त्याचा श्वास आखूड होत होता. ओस्वाल्दोला हात लावायचा होता, पण कोमाद्रेला भर रस्त्यात ओढायची त्याची छाती नव्हती. एवढ्यासाठी तरी तो बाप्तिस्मा उपयोगी पडला.

मदत पथकाची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन येईपर्यंत मी उठले नाही. मग मीच खिशातल्या सुरीने पोशाखाचे खांद्यावरचे पट्टे कापले. मांस कापायची सुरी, एका ओढीत चामडं तुटलं. सगळं मंडळ असं कळवळलं, जणू मी देवीचा गळा चिरला.

पोटात जखम होती, रक्तस्राव करणारी. नळी घालून बंद केली. दुसऱ्याच्या रक्ताची बाटली चढवली. हॉस्पिटलचा डॉक्टर म्हणाला, अजून एक इंजेक्शन त्यावर पडलं असतं तर रक्त थांबवणं अवघड झालं असतं. मूत्रपिंडाचा आकडा चढत चढत थांबला आणि हळूहळू उतरायला लागला. पुरता खाली आला नाही. येणारही नाही. त्या एकाच आईच्या पोरांतलं कुठलंही औषध त्याला आता जन्मभर बंद, ना लाल, ना निळी, ना सुई.

रुफिनो माझ्याशी बोलत नव्हता. नर्सशी बोलायचा, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी बोलायचा. मी सूप नेलं की भिंतीकडे तोंड करायचा आणि प्यायचा. ओस्वाल्दो एकदा फळांची टोपली घेऊन आला, टोपलीसोबत स्वतःचा फोटो काढून घेतला, आणि सांगून गेला की म्होरक्याची जागा आता त्याच्या भाच्याला दिली आहे. रुफिनो त्याला "आभारी आहे, कोम्पाद्रे" म्हणाला. मला सूप त्या टोपलीवर ओतावंसं वाटलं. द्राक्षं चांगली होती म्हणून ओतलं नाही.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी, एका साध्या मंगळवारी, त्याने सकाळी बूट चढवले. पाय आता बुटात जात होते.

"कुठे?"

"देवळात."

एवढं बोलला, बऱ्याच दिवसांनी. मी माझी शाल घेतली. जिथे तो पडला होता त्या वळणापासूनच त्याला सुरुवात करायची होती, राहिलेल्या दोन गल्ल्या. अंगात जुना स्वेटर, हातात काठी. गुडघा दुखत होता, ते त्याच्या जबड्यावरून दिसत होतं. पॅरासिटामॉल घेतलेलं होतं, नाश्त्यासोबत, मी मोजून दिलेलं. त्याने वेदना मरत नाही, फक्त जरा नरमते. तो दर दारापाशी थांबला. एका न्हाव्याने दुकानातून हाक मारली, "काय म्होरक्या, बायको कुठे बसलीये आज?" आणि आतली गिऱ्हाइकं खिदळली. रुफिनो काठी टेकत पुढे गेला. मी न्हाव्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

चढावर त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात माझ्याकडे न बघता पुढे केला. मी धरला.

देवीपुढे पाद्र्याशिवाय कुणी नव्हतं. रुफिनोला गुडघे टेकता येत नव्हते, तो उभाच राहिला. टोपी काढली. आणि मोठ्याने, मला ऐकू जाईल असं, बोलायला लागला. मी येणार होतो, तो म्हणाला. मी तयार होतो. दोन गल्ल्या राहिल्या होत्या. या बाईने आडवं पाडलं. माझ्यावर बसली, सगळ्या शहरासमोर, पोशाख कापला. हिचं नाव हिलारिया चोके. दोष कुणाचा ते तू बघ.

पाद्री माझ्याकडे बघत होता. मी बाकावर बसले आणि शाल अंगाभोवती घट्ट केली. त्याची तक्रार बरीच लांबली. माझ्या सासरच्यांपर्यंत गेली, मग माहेरच्यांपर्यंत. मी त्याला ती संपवू दिली.